अर्ध्या चेहऱ्याची चाचणी

आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की डावा गाल म्हणजे ज्याचा चेहरा त्याचा डावा. बघणाऱ्याचा नव्हे. दुसरी गोष्ट, दोन ट्यूबांपैकी कुठल्या ट्यूबमध्ये औषध आहे आणि कुठल्या ट्यूबमध्ये नुसतं साधं मलम, हे लावणाऱ्याला माहीत नसतं आणि मोजणाऱ्यालाही नसतं. यादी बंद लिफाफ्यात असते. बारा आठवड्यांनी लिफाफा फोडायचा.

याला आम्ही अर्ध्या चेहऱ्याची चाचणी म्हणतो. एका बाईची दुसरीशी तुलना करण्यात फारसा अर्थ नसतो. एक उन्हात राबलेली असते, दुसरी सावलीत बसलेली. पण एकाच बाईचे दोन गाल एकच ऊन, एकच झोप आणि एकच दुःख घेऊन आलेले असतात. फरक पडला तर तो ट्यूबमुळेच.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी हे काम बावीस वर्षं करते आहे. लग्नकार्यात ओळखीच्या बायका मला कोपऱ्यात गाठतात. "ऋजुता, खरं सांग, कुठली घेऊ?" मी सांगते, सकाळी ऊन अडवणारं क्रीम, रात्री सोसेल तेवढं रेटिनॉल, आणि त्वचा कोरडी पडू द्यायची नाही. बाकीच्या डब्यांत बहुतेक सुगंध असतो. कोलॅजेन बाहेरून लावून आत जात नाही, तो रेणू फार मोठा आहे. चाळणीतून नारळ जाईल का? "एवढंच?" असं म्हणून बायका हिरमुसतात. मग मी आणखी एक गोष्ट सांगते. लेबल वाचून विश्वास ठेवू नका. हे मी का सांगते ते सांगत नाही.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या जानेवारीत बंगळुरूच्या एका कंपनीकडून आमच्याकडे क-१७ आलं. ते मात्र आत जात होतं.

त्वचेच्या खालच्या थरात तंतू विणणाऱ्या पेशी असतात. तरुणपणी त्या जोमानं विणतात, पुढे हात आखडता घेतात. त्यांची जनुकं बहुतेक शाबूत असतात. पण काळानं त्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा करून ठेवलेल्या असतात, एखाद्या पुस्तकाची काही पानं खळीनं चिकटवून टाकावीत तशा. पान फाटलेलं नसतं, ते उघडत नाही इतकंच. क-१७ मधले मेदाचे अतिसूक्ष्म थेंब पेशीपर्यंत एक निरोप पोचवतात: यातल्या काही खुणा पूस. सगळ्या पुसायच्या नाहीत. सगळ्या पुसल्या तर आपण कोण हेच पेशी विसरते, आणि अशा पेशीची गाठ होते. निरोप दोन-तीन दिवसांत विरघळून जातो, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा लावायचं. थांबवलं, तर सहा आठवड्यांत खुणा परत येतात.

"परत का येतात?" मुजावर सरांनी विचारलं होतं. फिरोज मुजावर आमच्याकडची मोजमापं सांभाळतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे.

"आजूबाजूच्या पेशी म्हाताऱ्या असतात ना. त्यांच्या संगतीनं."

"म्हणजे आमच्या सोसायटीसारखं," ते म्हणाले. "तिथं राहायला गेलो तेव्हा मी पण तरुण होतो."

चाचणीला बारा बायका हव्या होत्या. बारावी ऐन वेळी लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघून गेली.

"मी बसते," मी म्हटलं.

"बसणार हे माहीतच होतं. स्वतःला न लावता दुसऱ्याला लावणार नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चव घेणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल, मॅडम."

ते हसले. मीही हसले. सहभागी क्रमांक बाराचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला. वय सेहेचाळीस. शेवटी छापील नियम होता: चाचणीच्या काळात चेहऱ्याला दुसरा कोणताही पदार्थ लावणार नाही, घरगुतीसुद्धा नाही. तो नियम मीच लिहिलेला होता. खाली सही केली.

मिरजेला आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, दोघीच. आई सत्त्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांत मेंदूत तीन-चार बारीक रक्तस्राव झाले आणि तिच्या आठवणींचा क्रम मोडला. आठवणी गेल्या नाहीत, विस्कटल्या. तिचं सगळं बघायला शैलाबाई सकाळी आठ ते संध्याकाळी सात असतात. आईला दोन्ही कुशींवर वळवता यावं म्हणून त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला होता. त्याच्या दोन बाजूंना, टीव्हीकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या. पायथ्याशी टीव्ही.

मी खिडकीकडच्या खुर्चीत बसले की आईला माझा डावा गाल दिसायचा. दाराकडच्या खुर्चीत बसले की उजवा. हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार. सकाळचं ऊन पलंगावर आलेलं. मी खिडकीशी बसून तिच्या गोळ्या डबीत भरत होते.

"केतू, कधी आलीस गं?"

माझ्या हातातली गोळी खाली पडली.

"आई, मी रुजू."

"चल. रुजू आंघोळीला गेलीय." ती हसत होती. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बारीक झालीस. तिकडे जेवायला देत नाहीत का?"

मी उठले, गोळी शोधली, पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि दाराकडच्या खुर्चीत बसले. उरलेल्या गोळ्या तिथं भरायला घेतल्या.

आईनं मान वळवली. चेहरा नेहमीसारखा थकला.

"झाली आंघोळ? केतू आली होती. आत्ता होती इथं."

केतकी माझी थोरली बहीण. ती जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी मी त्याला विस्मरण म्हटलं. मग मी नोंदी ठेवायला लागले, दुसरं मला काही येत नाही. आठ दिवसांत खिडकीकडे अकरा वेळा बसले, अकराही वेळा ती केतकीशी बोलली. दाराकडे नऊ वेळा बसले, नऊही वेळा माझ्याशी. आमच्या कॅमेऱ्याला डाव्या गालावर अजून काही दिसलेलं नव्हतं. तो सुरकुत्यांची खोली मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

"मॅडम, ही केतकी कोण ओ?" शैलाबाईंनी विचारलं. "आज्जी सकाळपास्नं लावूनच धरत्यात. केतूसाठी साय काढून ठेव, केतूला साय लाव."

"माझी बहीण. वारली."

शैलाबाई म्हणाल्या, "मग येत असंल तर येऊ द्या की. आज्जी दोन घास जास्ती खात्यात."

पाचव्या आठवड्यात मुजावर सरांनी माझा चेहरा यंत्राच्या चौकटीत ठेवला, हनुवटी टेकवायला लावली, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"लिफाफा फोडायची गरज नाही, मॅडम. उजवीकडे तुम्ही आहात. डावीकडे कुणीतरी दुसरंच राहायला आलंय."

मी आरशात बघायचं टाळत होते. त्या दिवशी बघितलं. एका हातानं उजवी बाजू झाकली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या रेघा गेल्या होत्या, जबड्याची कड सरळ झाली होती. मी सत्तावीस वर्षांची असताना अशी दिसत नव्हते. मला तेव्हाच जागरणांनी काळवंडून टाकलं होतं. मी बघत होते ती केतकीताईच होती, कारण नाक आणि कपाळ आमचं एकच.

तेवीस वर्षांपूर्वी तिचं वय सत्तावीस होतं. रंग सावळा, माझ्यासारखाच. दाखवण्याचे पाच कार्यक्रम होऊन गेले होते आणि पाचही ठिकाणांहून फोन आला नव्हता. कुणीतरी तिला गोरं करणारी एक क्रीम दिली. मी एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. "तुझी केमिस्ट्री कधी उपयोगी पडणार?" असं म्हणत तिनं डबी माझ्यासमोर धरली. मी लेबलवरची नावं वाचली. कोरफड, ज्येष्ठमध, एक साधं संरक्षक. म्हटलं, लाव, काही होत नाही.

दोन महिन्यांनी जड धातूंवरचं एक व्याख्यान ऐकताना मला ती डबी आठवली. घरी येऊन ती कॉलेजात नेली, यंत्रात घातली. पारा, शंभरात एक भाग. लेबलवर त्याचं नाव नव्हतं. त्याच संध्याकाळी मी ताईला आणि आईला सांगितलं. ताई घाबरली, तिनं ताबडतोब बंद केलं. आई म्हणाली होती, "पारा तर आपल्याकडे रसायन म्हणून पोटात देतात. वैद्य काय मूर्ख होते?" तो विषय तिथंच संपला, असं मला वाटलं. डबी माझ्याकडे होती.

पाच महिन्यांनी ताईचे पाय सुजले. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जात होती. अशा वेळी रक्त दाट होतं, आणि त्याची एक गुठळी मार्चमधल्या एका दुपारी तिच्या फुप्फुसात गेली.

मी काही होत नाही म्हटलं होतं. आईला हे माहीत होतं. आम्ही दोघी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. मी लखनौला मिळालेली नोकरी घेतली नाही, लग्न केलं नाही, मिरज सोडली नाही. आईनं मला कधी थांब म्हटलं नाही, आणि जाही म्हटलं नाही.

आणि एक आकडा होता. पारा शरीरातून सावकाश जातो, साठेक दिवसांत निम्मा. दोन महिने लावलेली क्रीम पाच महिन्यांपूर्वी थांबवली होती, तर इस्पितळातल्या रिपोर्टात किती पारा यायला हवा, हे मी तेव्हाच काढलं होतं. रिपोर्टात त्याच्या दहापट होता. मी कितीदा तरी पुन्हा गणित केलं. शेवटी ठरवलं की माणसाचं शरीर गणिताप्रमाणे चालत नाही. पुढच्या तेवीस वर्षांत दुसऱ्या कुठल्याही आकड्याला मी ही सवलत दिली नाही.

आठव्या आठवड्यात एका दुपारी लवकर घरी आले. शैलाबाई बशीत साय घेऊन आईच्या हाताला लावत होत्या, तिची कातडी कागदासारखी झालेली. मी खिडकीकडे बसले. खोटं का बोलू? आता मी तिथंच बसायला लागले होते. तिकडे बसलं की ती हसायची.

"केतू, इकडे सरक. साय लावू दे."

"नको आई. चालत नाही."

"तुला काय झालंय चालत नाही म्हणायला? परवा बघायला येणारेत." तिनं बशीत बोट बुडवलं आणि थांबली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "नुसतीच आहे. आता त्यात काही घातलेलं नाही."

शैलाबाई धुणं आणायला गच्चीवर गेल्या.

"काय घालत होतीस?" मी विचारलं.

"तेच ते. तुझं. तू बंद केलंस ना रुजूचं ऐकून. मग मीच दुकानातून आणखी आणलं. दोनदा. सायीत कालवलं की वास येत नाही." ती चादरीची कड दुमडत होती, उलगडत होती. "चेहरा उजळला होता गं तुझा. त्या जयसिंगपूरच्या लोकांनी हो म्हटलं असतं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा बारीक इशारा वाजत होता. मला आठवतंय की मी मनात गुणाकार केला. दोन महिने अधिक पाच महिने, रोज. आकडा जुळला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तो जुळला.

"रुजूला सांगू नकोस," आई म्हणाली. "तिला वाटतं तिच्यामुळे झालं. वाटू दे तिला. नाहीतर जाईल ती पण."

मग तिनं माझ्या डाव्या बाजूकडे बघून विचारलं, "रागावलीस का माझ्यावर?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर ती रोज विचारू लागली. सांगितलेलं विसरायची, पण प्रश्न विसरायची नाही. खिडकीकडच्या खुर्चीत मी बसले की आधी हसायची, मग जेवलीस का, मग "रागावलीस का?" मी उत्तर देत नव्हते. ते उत्तर केतकीचं होतं. मला फक्त तिचा गाल मिळाला होता, तोही दर तिसऱ्या दिवशी ट्यूबमधून. समजा नाही म्हटलं असतं, तर आईला रात्रीपुरती झोप लागली असती आणि सकाळी पुन्हा विचारलं असतं. रोज नाही म्हणण्यासाठी मला क-१७ जन्मभर लावावं लागलं असतं. आणि ते शक्य होतं. मुजावर सर सांगत होते की दिवाळीच्या सुमाराला बाजारात येईल.

दाराकडे बसले की ती माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "केतू कुठंय? तू जरा तिला बोलाव ना."

दहाव्या आठवड्यात मी उजव्या गालाला डावीकडची ट्यूब लावायचा विचार केला. टोपण काढलंही. पण मग दोन्ही बाजूंनी केतकीच दिसली असती, रुजूला कुणीच हाक मारली नसती. टोपण परत लावलं.

अकराव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, मी टीव्हीचं स्टँड बाजूला सरकवलं आणि दाराकडची खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी आणली.

"हे काय नवीन?" शैलाबाई म्हणाल्या. "तिथं बसलात तर आज्जींची मालिका कशी दिसायची?"

"आज नको मालिका. साय आहे का?"

"सकाळचीच हाय." त्यांनी बशी आणून आईच्या हाताशी ठेवली.

मी समोर बसले. खिडकीतला उजेड तोंडावर येत होता. इतके दिवस आईनं मला एका बाजूनंच पाहिलं होतं. समोरून बघावं लागणार नाही अशी काळजी मीच घेत आले होते. ती बघत राहिली. तिची नजर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. मला भीती होती की ती किंचाळेल. तिच्या जागी मी असते तर किंचाळले असते.

"अगं बाई," ती म्हणाली. "दोघी एकदमच आलात."

शैलाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. मला एकटीला दोघींकडे बघवत नव्हतं." तिनं डावीकडे बघितलं, नेहमीसारखी हसली. मग उजवीकडे वळली, आणि ते हसू तसंच राहिलं, हे मी पाहिलं. "रुजू, हिनं तुझं ऐकलं होतं हो. त्याच दिवशी बंद केलं होतं हिनं. मीच लावत राहिले."

माझ्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि डाव्याही. दोन्ही गालांवर ते सारख्याच वेगानं उतरत होतं, हेसुद्धा मी पाहत होते.

"रागावलात का माझ्यावर?" आईनं विचारलं.

दोघींना विचारलं होतं. ताईचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझं होतं.

"हो," मी म्हटलं.

आईनं मान डोलावली, एखादा निरोप पोचला असं कळल्यावर डोलवावी तशी. मग बशीत दोन बोटं बुडवली. "या इकडे. वाळून जाईल."

मी उठून पलंगाच्या कडेवर बसले. तिनं आधी डाव्या गालाला साय लावली, मग उजव्या, वर्तुळं काढत, खालून वर. लहानपणी लावायची तशीच. तिच्या बोटांची पेरं खरखरीत होती. वास फक्त दुधाचा येत होता. मी तो दोनदा घेतला. दुसऱ्यांदा घेतला याची लाज वाटली, पण घेतला.

सोमवारी मी दोन्ही ट्यूबा प्रयोगशाळेत परत केल्या. मुजावर सरांनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एक आठवडा राहिलाय मॅडम. बारा जणींत सगळ्यात सुंदर आकडे तुमचे आहेत. कंपनीवाले फोटो मागतायत."

"सहभागी बारानं नियम मोडला. दुसरा पदार्थ लावला."

"तुम्ही? कुठला पदार्थ?"

"साय."

ते विनोद करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी केला नाही. फॉर्म पुढे सरकवला. मी लिहिलं: सहभागी क्र. १२, चाचणीतून वगळावे. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरगुती. आणि सही केली.

सहा आठवडे लागणार होते. त्या दिवसांत मी रोज पायथ्याशी बसले. आई दोघींशी बोलायची, पण आठवड्याआठवड्यानं डावीकडचं बोलणं तुटक होत गेलं. समोरच्या माणसाला नीट ओळखत नसलो की आपण हवापाण्याचं बोलतो, तसं. त्या शनिवारचं तिला काही आठवत नव्हतं. रागावलात का, हे मात्र तिनं पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. एकाच रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी आरशात डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात रेघा दिसल्या. पाच. उजवीकडेही पाच. मी मोजल्या. मग बाहेर येऊन सवयीनं पायथ्याशी बसले.

आईनं बराच वेळ पाहिलं. डावीकडे, उजवीकडे. मग दाराकडे, बाहेर कुणी थांबलंय का बघावं तसं.

"आज एकटीच?"

"एकटीच."

मग तिनं हातानं पलंगाची कड थोपटली.

"ये. ती असली की तू काही बोलतच नाहीस."